कासवांच्या बेटावर जाताय? आधी अंधाराची सवय करून घ्या

समुद्री कासवाची मादी जवळजवळ सगळं आयुष्य पाण्यात काढते. जमिनीवर ती येते मुख्यतः अंडी घालायला, तेही बहुतेक वेळा रात्री, आणि शक्यतो आपला जन्म झाला त्याच भागातल्या किनाऱ्यावर. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या असेन्शन या छोट्या बेटावर अंडी घालणारी हिरवी कासवं एरवी चरतात ब्राझीलच्या किनाऱ्यालगत. मध्ये दोन हजार किलोमीटरहून जास्त समुद्र. इतकं पोहून आलेली मादी वाळूवर चढते, समोर कुणाच्या तरी मोबाइलचा टॉर्च लखकन चमकतो आणि ती अंडी न घालताच मागे फिरते. असं सगळ्याच कासवांच्या किनाऱ्यांवर घडतं.

अशा बेटावर सुट्टीला जाणाऱ्याने कासवांसाठी काय करावं, याचं उत्तर बरंचसं ‘काय करू नये’ याच रूपात मिळतं. ऐकायला ते निरुत्साही वाटेल. पण कासवाला आपल्याकडून हवं असतं ते अंधार, शांतता आणि मोकळी वाळू, आणि या तिन्ही गोष्टी पाहुण्याच्या हातात असतात. खाली निघण्याआधीपासून परतेपर्यंतच्या क्रमाने सगळं सांगितलं आहे. सगळं लक्षात राहिलं नाही, तरी प्रकाशाबद्दलचा भाग तेवढा विसरू नका.

निघण्याआधी: हंगाम आणि नियम

विणीचा हंगाम प्रत्येक बेटाचा वेगळा. ग्रीसच्या झाकिंथोस बेटावर लॉगरहेड कासवं साधारण जून ते ऑगस्टमध्ये अंडी घालतात आणि पिल्लं ऑक्टोबरपर्यंत बाहेर येत राहतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या हेरॉन बेटावर माद्या नोव्हेंबरपासून येऊ लागतात, पिल्लांचा काळ पुढे एप्रिलपर्यंत लांबतो. अंदमानात हिवाळ्याचे महिने महत्त्वाचे. उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ कालीपूरचा किनारा आहे. तिथे ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि लेदरबॅक अशा चार जातींची कासवं अंडी घालतात. जगात समुद्री कासवांच्या जातीच मुळात सात, त्यातल्या चार एका किनाऱ्यावर.

हंगामाच्या बाबतीत नवख्यांचा एक गैरसमज असतो: मादी दिसत नाही, म्हणजे किनारा रिकामा आहे. अंडी दीड ते दोन महिने वाळूत असतात आणि अनेक घरट्यांवर ना खूण असते ना कुंपण. शिवाय एकच मादी एका हंगामात काही वेळा अंडी घालते, दोन खेपांमध्ये साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवून. मधल्या काळात ती किनाऱ्याजवळच्याच पाण्यात असते. म्हणजे काळजी किनाऱ्याइतकीच त्या पाण्यातही घ्यावी लागते. त्याबद्दल पुढे येईलच.

नियम निघण्याआधीच वाचून घ्या, कारण ठिकाणानुसार ते बरेच कडक असू शकतात. झाकिंथोसमध्ये लगानास उपसागराभोवती १९९९ मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान झालं. तिथल्या विणीच्या किनाऱ्यांवर रात्री कुणालाही जाता येत नाही आणि सेकानिया नावाचा किनारा तर पर्यटकांना दिवसाही बंद असतो. उपसागराच्या काही भागात बोटींना प्रवेश नाही, बाकी भागात वेग ६ नॉटच्या (ताशी साधारण ११ किलोमीटरच्या) वर न्यायचा नाही. ‘सुट्टीसाठी एवढे पैसे मोजले आणि किनारा बंद?’ अशी कुरकूर ऐकू येते. पण जिथे किनारा रात्री बंद आहे, तिथे कासव बघण्याचा हट्ट सोडून द्यावा हेच बरं.

खोली घेताना विचारायचे प्रश्न

समुद्रासमोरची खोली सगळ्यांनाच हवी असते. कासवांच्या किनाऱ्यावर ती घ्यायची तर आधी हॉटेलवाल्यांना चार गोष्टी विचारा. किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे हंगामात बंद करता का? जे चालू ठेवावे लागतात ते खाली लावलेले, वरून झाकलेले आणि पिवळसर-तांबूस रंगाचे आहेत का? संध्याकाळी खुर्च्या आणि आरामबाकं वाळूवरून उचलता का? आणि तुमच्या आवारात कासवाची पिल्लं टाक्यांत ठेवलेली आहेत का?

पहिल्या तीन प्रश्नांना ‘हो’ आणि चौथ्याला ‘नाही’ अशी उत्तरं मिळाली तर ती जागा चांगली समजा. ‘तुम्ही काळजी करू नका, आमच्याकडे कासवं रोज दिसतात’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. प्रश्न काय होता हेच त्यांनी ऐकलेलं नाही. पाहुणे विचारू लागले की व्यवस्थापक दिवे बदलतात. हा दबाव फार उपयोगाचा असतो आणि त्याला खर्च काहीच नाही.

दिवसा वाळूवर

दिवसा करायची कामं सोपी आहेत. भरतीच्या खुणेच्या खालची ओली, घट्ट वाळू चालायला आणि खेळायला वापरा. घरटी असतात ती वरच्या कोरड्या पट्ट्यात, वाळूच्या उंचवट्यांवर आणि झाडोऱ्याच्या कडेला. छत्रीचा दांडा या वरच्या पट्ट्यात खुपसला तर तो थेट अंड्यांत जाऊ शकतो. गाडी किंवा दुचाकी वाळूवर नेऊच नका. वाळू दाबली जाते आणि चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्राकडे जायचं सोडून चाकोरीतूनच चालत राहतं.

मुलांनी खणलेले खड्डे उठण्याआधी बुजवा, वाळूचे किल्ले मोडून सपाट करा. रात्री मादी खड्ड्यात पडली तर तिला सहज बाहेर येता येत नाही, आणि पिल्लासाठी तर वीतभर खोल खड्डाही पुरेसा घातक असतो. मुलांना हे कारण सांगून किल्ला त्यांच्याच हातांनी मोडायला लावा, ती आनंदाने मोडतात. निघताना चटया, खेळणी, दोऱ्या, सगळं उचलून न्या. प्लास्टिकच्या पिशव्या तर आधी उचला, त्या पाण्यात गेल्या की कासवं त्यांना जेलीफिश समजून गिळतात.

कुत्रा बरोबर असेल तर त्याला किनाऱ्यावर मोकळा सोडू नका. भटक्या कुत्र्यांना प्रेमाने बिस्किटं घालणाऱ्यांनीही थोडा विचार करावा. अंदमानसह अनेक बेटांवर कुत्रे घरटी उकरून अंडी खातात, आणि किनाऱ्यावर खायला मिळतं हे कळलं की ते तिथेच मुक्काम ठोकतात.

सकाळी लवकर फिरायला गेलात तर वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद माग दिसू शकतो. रात्री मादी वर चढून परत गेल्याची ती खूण. त्यावर चालू नका, तो पुसूही नका. कासवांवर काम करणारे कार्यकर्ते आणि वनरक्षक पहाटे याच मागांवरून नोंदी करतात: कुठली जात, अंडी घातली की नुसतीच परत गेली, घरटं नेमकं कुठे. तुम्ही त्यांच्याआधी पोहोचलात तर जागा लक्षात ठेवून त्यांना कळवा.

सूर्य मावळल्यावर: प्रकाश

हा भाग सावकाश वाचा.

घरट्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला समुद्र कुठे आहे हे कुणी दाखवत नाही. ते क्षितिजाच्या जास्त उजळ बाजूकडे सरकतं आणि उंच, काळ्या आकृत्यांपासून लांब जातं. मोकळ्या किनाऱ्यावर ही युक्ती नीट चालते, कारण समुद्राच्या बाजूचं आभाळ उघडं आणि उजळ असतं, तर जमिनीच्या बाजूला झाडं आणि टेकड्यांचा काळोख. चंद्र नसलेल्या रात्रीही चालते. मग किनाऱ्यामागे हॉटेलचे दिवे लागतात आणि उजळ बाजू जमिनीची होते. पिल्लं रस्त्याकडे, गटाराकडे, पोहण्याच्या तलावाकडे चालू लागतात. सकाळपर्यंत ती चाकाखाली येतात, खेकडे आणि पक्षी त्यांना टिपतात किंवा उन्हात ती सुकून जातात. मादीच्या बाबतीत प्रकाशाचा त्रास वेगळा: उजेड असलेल्या किनाऱ्यावर ती चढायलाच बिचकते.

तुमच्या हातात काय आहे? खोलीतले दिवे लावण्याआधी समुद्राकडचे पडदे ओढा. गॅलरीतला दिवा बंद ठेवा. शक्य असेल तर दिवा खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात लावा. वाळूवर शेकोटी नको, कंदील नको, फटाके तर अजिबात नकोत.

किनाऱ्यावर रात्री जायची परवानगी असेल तर टॉर्च खिशातच राहू द्या. काळोखात गेल्यावर वीस-तीस मिनिटांत डोळे सरावतात आणि चांदण्यांच्या उजेडातही वाळू बऱ्यापैकी दिसू लागते. मध्येच कुणी मोबाइल उघडून वेळ बघितली की सगळी तपश्चर्या वाया. वाट दिसण्यासाठी दिवा लागलाच तर लाल रंगाचा वापरा, कारण लांब तरंगलांबीचा लाल प्रकाश कासवांच्या डोळ्यांना फारसा जाणवत नाही. पण तोही मंद हवा, जमिनीकडे वळलेला हवा, आणि कासवावर कधीच नको. पांढऱ्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळण्याचा घरगुती उपाय बरेच जण करतात. कडेने पांढरा उजेड निसटत असेल तर त्याचा उपयोग शून्य. कपडे गडद रंगाचे घाला.

मादी समोर आली तर

शक्यतो अधिकृत मार्गदर्शकाबरोबरच जा. मार्गदर्शकाला मादी कुठल्या टप्प्यावर आहे हे कळतं, आणि सगळं अवलंबून असतं ते त्यावरच.

टप्पे थोडक्यात असे. मादी पाण्यातून बाहेर येते, थांबत थांबत वर चढते. जागा पसंत पडली की पुढच्या पायांनी वाळू उडवत अंगापुरता खळगा करते. मग मागच्या दोन पायांनी, आळीपाळीने, एक खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते. हे काम ती पाठीमागे न बघता करते आणि ते इतकं नेटकं असतं की पहिल्यांदा पाहणारा माणूस गप्पच होतो. मग अंडी, बहुतेक जातींमध्ये एका खेपेला शंभराच्या आसपास. शेवटी खड्डा बुजवणं, जागा लपवण्यासाठी आजूबाजूला वाळू उडवणं आणि समुद्राकडे परत जाणं. सगळ्याला तासभर तरी लागतो, कित्येकदा जास्तच.

अंडी पडायला सुरुवात होईपर्यंत ती फार सावध असते. या काळात तुम्ही हललात, बोललात, दिवा दाखवलात तर ती परत फिरते. म्हणून पाण्यातून बाहेर येणारी मादी दिसली की जिथे असाल तिथेच खाली बसा. पंधरा-वीस मीटरचं अंतर राहू द्या आणि पाणी व मादी यांच्या मध्ये तर कधीच येऊ नका. तीच तुमच्या दिशेने येऊ लागली तर हळूच बाजूला सरका, झटक्यात उठून पळू नका.

अंडी घालायला लागल्यावर मात्र ती भोवतालच्या हालचालींकडे फारसं लक्ष देत नाही. मार्गदर्शक लोकांना जवळ नेतात ते याच वेळी, आणि तेही मागच्या बाजूने, वाकून, थोड्या थोड्या जणांना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसेल. ती रडत नाही. शरीरातलं जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून असं बाहेर टाकलं जातं आणि पाण्यात असतानाही हे चालूच असतं. कवचाला हात लावणं, पाठीवर मुलाला बसवणं, अंडं उचलून बघणं, यातलं काहीही नको. बुजवायला लागली की पुन्हा मागे सरका, आणि ती परत जाताना वाट पूर्ण मोकळी ठेवा.

फोटोबद्दल वाद घालणारे प्रत्येक गटात एक-दोन असतातच. फ्लॅश बंद आहे असं सांगतात, पण फोकस करताना बारीक दिवा लागतो, पडदा उजळतो, आणि मग ‘एकच, शेवटचा’. माझं मत स्पष्ट आहे: रात्री कॅमेरा खोलीतच ठेवा. काळोखात काढलेल्या त्या फोटोत तसंही काही दिसत नाही.

पिल्लं बाहेर येताना

वाळूखाली अंडी फुटल्यावर पिल्लं लगेच वर येत नाहीत. एकत्र खणत वर यायला त्यांना काही दिवस लागतात. वरची वाळू थंड झाली की रात्र झाली हे त्यांना कळतं आणि मग झुंडीने बाहेर पडतात. दिसली तर बाजूला उभे राहा, पाय हलवू नका, वाट अडवू नका.

उचलून पाण्यात सोडण्याचा मोह होतोच. करू नका. पिल्लाच्या पोटात उरलेला बलक हीच त्याची पहिल्या काही दिवसांची शिदोरी. त्यावर ते सलग एक दिवसभर जोरात पोहून किनाऱ्याजवळच्या धोक्यांच्या पट्ट्यातून बाहेर निघतं. वाळूवरचा प्रवासही त्यातलाच एक भाग आहे, सुरुवातीची दिशा त्याला तिथूनच मिळते. खेकड्याने एखादं धरलं तरी मध्ये पडू नका. हजारातलं जेमतेम एखादं पिल्लू मोठं होतं असा अंदाज दिला जातो, आणि ही गळती निसर्गात धरलेलीच आहे. तुम्ही थांबवायची ती गळती माणसामुळे होणारी.

म्हणून अपवाद एकच. पिल्लं दिव्यांकडे भरकटताना दिसली तर आधी तो दिवा बंद करायला लावा आणि लगेच तिथल्या वनखात्याला किंवा कासव संवर्धन गटाला कळवा. ते सांगतील तसंच करा.

घरटं उकरून पिल्लांना ‘मदत’ करण्याचा विचारही नको. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटंपालटं झालं तर गर्भ मरू शकतो. अंडी हलवण्याचं काम शिकलेल्या माणसांचं आहे.

हॅचरीला भेट द्यावी का?

हॅचरी म्हणजे कासवांची अंडी आणून, सांभाळून उबवण्याची जागा. तिथे जावं का, याचं सरसकट उत्तर नाही. समुद्राची धूप, चोरी किंवा कुत्रे यांमुळे घरटं वाचणं शक्य नसतं तिथे अंडी वेळेत हलवून कुंपणात पुरतात आणि पिल्लं आली की सोडतात. अशा ठिकाणी खूप अंडी वाचतात. पण त्याच नावाखाली दुकानंही चालतात.

फरक ओळखायच्या खुणा सांगतो. चांगल्या ठिकाणी पिल्लं वर आल्यावर लवकरात लवकर सोडली जातात, बहुतेकदा रात्री किंवा पहाटे, आणि पर्यटकाची वेळ बघितली जात नाही. ती स्वतः वाळूवरून चालत जातात. हातात कुणाच्या देत नाहीत. प्रत्येक घरट्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली असते, विचारलं तर नोंदवही दाखवतात. वाळू किती तापते हे मोजतात, गरज असेल तर सावली करतात. तापमान महत्त्वाचं, कारण कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं: साधारण २९ अंश सेल्सियसच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात, जिथली हिरवी कासवं मुख्यतः रेन बेटावर जन्मतात, तिथे तरुण कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

वाईट ठिकाणी टाक्यांत पिल्लं पोहत असतात, कधी दिवसेंदिवस. शिदोरीतला बलक तिथेच संपतो, एकमेकांना चावून जखमा होतात. पैसे घेऊन पिल्लू हातात देतात, दुपारच्या उन्हात ‘सोडण्याचा कार्यक्रम’ ठेवतात. असं दिसलं तर तिकीट काढू नका. तुम्ही दिलेल्या पैशांतून उद्याच्या कार्यक्रमासाठी पिल्लं अडकवून ठेवली जातात.

पाण्यात आणि बोटीत

कासव फुप्फुसांनी श्वास घेतं, त्याला वर यावंच लागतं. स्नॉर्कलिंग करताना त्याच्या डोक्यावर तरंगत राहिलात तर ते वर यायचं टाळतं आणि दमतं. बाजूने, तीन-चार मीटर तरी लांबून बघा. पाठलाग नको, खायला घालणं नको. बोट ठरवताना चालकाला सांगा की उथळ पाण्यात वेग कमी ठेवा आणि नांगर सागरी गवतावर किंवा प्रवाळावर टाकू नका. हे गवत हिरव्या कासवांचं अन्न आहे.

खरेदी

तपकिरी-पिवळ्या नक्षीच्या बांगड्या, कंगवे, चष्म्याच्या काड्या, अंगठ्या. विक्रेता म्हणेल जुनं आहे, मेलेल्या कासवाचं आहे. हॉक्सबिलच्या कवचाच्या याच व्यापाराने ती जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आणली. समुद्री कासवांच्या सगळ्या जाती साइट्स या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे अशी वस्तू घेऊन सीमा ओलांडणं गुन्हा ठरतो. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतही ती आहेत. वस्तू नकली आहे की खरी हे ओळखत बसू नका, घेऊच नका. अंडी किंवा मांस कुणी ‘इथली खासियत’ म्हणून पुढे केलं तरी तेच.

अडचणीतलं कासव दिसलं तर

बेटावर पोहोचल्या दिवशीच वनखात्याचा किंवा संवर्धन गटाचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा, कारण गरज पडेल तेव्हा नेटवर्क असेलच असं नाही. दिवसा वाळूवर निपचित पडलेलं, जखमी किंवा जाळ्यात गुरफटलेलं कासव दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका. आजारी कासव पाण्यात बुडूनही मरतं. गर्दी लांब ठेवा, त्याच्यावर सावली करा, कवचावर ओलं फडकं टाका पण नाकपुड्या मोकळ्या राहू द्या. तोंडात पाणी ओतू नका. जाळं शरीरात रुतलेलं असेल तर ओढू नका, कापायचं काम येणाऱ्यांवर सोडा. फोनवर नेमकी जागा, कासवाचा साधारण आकार आणि ते हालचाल करतंय का, एवढं सांगा आणि कुणी येईपर्यंत तिथेच थांबा.

आणि समाजमाध्यमांवर घरट्याचा फोटो टाकायचाच असेल तर ठिकाणाची खूण काढून टाका. अंडी चोरणारेही तेच फोटो बघतात.